विस्मृत पत्रसंबंधांचे पुनरुज्जीवन
लहान औषधालयांच्या ऑनलाइन व्यवहारातील ई-मेल यादी : एक अभ्यास

प्रस्तावना

आयुर्वेदीय औषधालयांच्या व्यवहारात संगणकाचा प्रवेश होऊन आता बराच काळ लोटला आहे. आपल्यापैकी अनेकांनी संकेतस्थळे काढली. तेले, घृते, अवलेह व चूर्णे घरपोच पाठविण्याची सोय केली. आणि त्या निमित्ताने रुग्णांचे व ग्राहकांचे ई-मेल पत्ते संगृहीत केले. २०२० च्या टाळेबंदीत तर ज्यांना चिकित्सालयात येणे अशक्य झाले अशा रुग्णांशी संपर्क राखण्याचे ते एक प्रमुख साधन ठरले. काही महिने पत्रे गेली, उत्तरे आली. पुढे चिकित्सालये पूर्ववत सुरू झाली, गर्दी वाढली आणि पत्रे पाठविण्याचे काम मागे पडले. आज अनेक औषधालयांच्या संगणकात शेकडो पत्त्यांची यादी आहे, परंतु त्यांपैकी कोणालाही दोन-तीन वर्षांत एक ओळही लिहिलेली नाही.

विक्री मंदावली की या यादीची आठवण होते. "इतके पत्ते आपल्याकडे आहेतच, सर्वांना एक पत्र पाठवू" असा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु दीर्घकाळ लंघन झालेल्या रुग्णास एकदम गुरू आहार दिल्यास जे होते, तेच अशा यादीबाबतही होते. ही यादी पुन्हा उपयोगात कशी आणावी, कोणत्या क्रमाने आणावी, आणि तिच्यातील कोणता भाग आणूच नये, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विषय व्यवहाराचा असला तरी त्याचे मूळ वैद्य व रुग्ण यांच्यातील विश्वासात आहे, अशी आमची धारणा आहे.

आमचा एक अनुभव

आमच्याच हातून घडलेली चूक येथे प्रथम नमूद करणे योग्य होईल. काही वर्षांच्या खंडानंतर एका दिवाळीत आम्ही अभ्यंगाचे तेल व उटणे यांचा संच सवलतीत उपलब्ध असल्याचे पत्र संपूर्ण यादीला एकाच वेळी पाठविले. प्रत्येक पत्राच्या आरंभी त्या व्यक्तीचे नाव आपोआप येईल आणि त्याखाली प्रकृतीची विचारपूस असेल, अशी व्यवस्था केली होती. आम्हांस ती आपुलकीची वाटली.

परिणाम तीन झाले. पहिला, पुष्कळ पत्रे परत आली. दुसरा, ज्यांना आमचे नावही आठवत नव्हते त्यांपैकी काहींनी ते पत्र स्पॅम म्हणून चिन्हांकित केले. त्यानंतर कित्येक दिवस आमची नित्याची पत्रे, म्हणजे औषध रवाना झाल्याची सूचना, सेवनविधी, पथ्याची यादी, हीसुद्धा रुग्णांच्या स्पॅम कप्प्यात पडू लागली. सेवनविधी न मिळाल्यामुळे एका रुग्णाने भोजनोत्तर घ्यावयाचे औषध सकाळी अनशापोटी घेतले आणि त्रास झाल्यावर दूरध्वनी केला, तेव्हा हा प्रकार आमच्या ध्यानात आला.

तिसरा परिणाम मात्र हिशेबात मांडता येणारा नव्हता. एका पत्राला उत्तर आले ते रुग्णेच्या कन्येचे. आमच्याकडे संधिवातासाठी चार वर्षे येत असलेल्या त्या बाईंचे निधन होऊन दीड वर्ष झाले होते. आईच्या नावाने, तिच्या गुडघ्यांची चौकशी करणारे आणि तेल घेण्याचा आग्रह करणारे पत्र ऐन दिवाळीत घरी आले, याचे तिला किती दुःख झाले हे तिने चार ओळींत कळविले होते. रागाचा शब्द नव्हता. परंतु आपण त्या रुग्णेची दीड वर्ष साधी चौकशीही केली नव्हती आणि तरीही चौकशीचा आव आणला, हे त्या चार ओळींनी आमच्यापुढे स्पष्ट केले. या विषयाचा अभ्यास आम्ही त्यानंतर सुरू केला.

निदान : दुर्लक्षित यादीतील दोष

यादी तशीच पडून राहिली तर तिच्यात पुढील दोष उत्पन्न होतात.

१. मृत पत्ते. लोक नोकरी बदलतात, कार्यालयाचा पत्ता बंद होतो, जुना फुकट पत्ता वापरातून जातो. गूगलने २०२३ मध्ये धोरण जाहीर करून, दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती डिसेंबर २०२३ पासून काढून टाकण्यास आरंभ केला. अशा पत्त्यावरील पत्र कायमचे परत येते.

२. परहस्तगत पत्ते. हा दोष अधिक गंभीर आहे. याहूने २०१३ मध्ये, वर्षभर न वापरलेली खातेनावे मोकळी करून इतरांना उपलब्ध करून दिली होती. म्हणजे २००८ साली आपल्या वहीत लिहून घेतलेला याहूचा पत्ता आज वेगळ्याच व्यक्तीचा असू शकतो. त्या पत्त्यावर रुग्णाच्या व्याधीचा उल्लेख असलेले पत्र गेल्यास ती माहिती परक्याच्या हाती पडते. (गूगल मात्र काढून टाकलेला जीमेल पत्ता पुन्हा कोणास देत नाही.) शिवाय काही बंद पत्ते स्पॅम ओळखण्यासाठी सापळा म्हणून मुद्दाम चालू ठेवलेले असतात. त्यांवर पत्र पाठविणाऱ्याने यादीची काळजी घेतलेली नाही, असा अर्थ घेतला जातो.

३. विस्मरण. पत्ता चालू असतो, व्यक्तीही तीच असते, परंतु तिला आपले स्मरण नसते. एखादे च्यवनप्राश एकदा मागविलेल्या ग्राहकास तीन वर्षांनी औषधालयाचे नाव आठवावे, ही अपेक्षा अवाजवी आहे.

४. संमतीचा अभाव. केसपेपरवर पत्ता लिहून देणाऱ्या रुग्णाने तो चिकित्सेसाठी दिलेला असतो. त्याने विक्रीच्या पत्रांस अनुमती दिली, असे त्यावरून गृहीत धरता येत नाही.

५. अवस्थांतर. मधल्या काळात रुग्ण बरा झालेला असतो, दुसऱ्या वैद्याकडे गेलेला असतो, परदेशी स्थायिक झालेला असतो किंवा हयात नसतो.

या पाचांपैकी पहिला दोष यंत्र दाखविते. उरलेले चार आपणांसच शोधावे लागतात.

साध्यासाध्यविचार

चिकित्सेपूर्वी व्याधीचे साध्यासाध्यत्व पाहावे, हा आपला नियम येथेही उपयोगी पडतो. संपूर्ण यादीला एकच उपचार करू नये. आम्ही तिचे चार वर्ग केले.

सुखसाध्य : गेल्या बारा महिन्यांत ज्यांनी औषध मागविले, पत्रास उत्तर दिले किंवा चिकित्सालयास भेट दिली. यांना आपली ओळख आहे.

कृच्छ्रसाध्य : ज्यांचा शेवटचा संबंध एक ते दोन वर्षांपूर्वीचा आहे. यांना आठवण करून द्यावी लागेल.

याप्य : दोन वर्षांहून अधिक काळ ज्यांच्याशी संपर्क नाही, परंतु ते आपल्याकडे कधी व कशासाठी आले याची नोंद आहे. यांना एकदाच विचारावे. उत्तर न आल्यास पत्रव्यवहार थांबवावा.

प्रत्याख्येय : ज्यांचा पत्ता कोठून आला हेच ठाऊक नाही, आरोग्यशिबिराच्या हजेरीपटावरून किंवा दुसऱ्या दुकानाकडून घेतलेले पत्ते, पूर्वी "पत्रे नकोत" असे कळविलेले, आणि ज्यांच्या निधनाची वार्ता आहे असे. यांना एकही पत्र पाठवू नये.

हे वर्गीकरण करताना विक्रीची नोंद, केसपेपर व पत्त्यांची यादी शेजारी ठेवून पाहावी. शेवटच्या संबंधाचा दिनांक हा एकच निकष पुरेसा आहे. कोणी किती रुपयांचे औषध घेतले, हा निकष लावण्याचा मोह टाळावा. दुसरे असे की, जुन्या रुग्णांची नावे एकदा डोळ्यांखालून घालण्याचे काम संगणकचालकावर न सोपविता वैद्याने स्वतः करावे. कोण वारले, कोणाचे स्थलांतर झाले, हे वैद्याला किंवा काउंटरवरील जुन्या माणसालाच ठाऊक असते. आम्ही हे काम तीन दुपारी बसून केले. त्यात कित्येक नावांपाशी थांबावे लागले आणि दोघा-तिघांना तर पत्राऐवजी दूरध्वनीच केला.

पूर्वकर्म

वर्गीकरणानंतर, परंतु पहिले पत्र पाठविण्यापूर्वी, पुढील तयारी करावी.

(अ) पत्र पाठविणारा पत्ता स्वतःच्या संकेतस्थळाच्या नावाचा असावा. फुकट पत्त्याच्या नावाने सामूहिक पत्रसेवेमार्फत पत्रे पाठविल्यास ती नाकारली जाण्याची शक्यता असते. साध्या जीमेल खात्यातून तर दिवसाला ५०० व्यक्तींपर्यंतच पत्रे पाठविता येतात.

(आ) संकेतस्थळ सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाकडून एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क या तीन नोंदी करून घ्याव्यात. आपल्या नावाने पत्र पाठविण्याचा अधिकार कोणत्या यंत्रांना आहे, हे एसपीएफ सांगते. पत्र वाटेत बदललेले नाही, याची खूण म्हणजे डीकेआयएम. या परीक्षेत न उतरणाऱ्या पत्राचे काय करावे, याची सूचना म्हणजे डीमार्क. गूगल व याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून याविषयीचे नियम कडक केले. जीमेल पत्त्यांवर दिवसाला ५००० किंवा अधिक पत्रे पाठविणाऱ्यांस तिन्ही नोंदी आणि एका कळीने नाव कमी करण्याची सोय आवश्यक झाली. आपली संख्या त्याहून पुष्कळ कमी असली तरी एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक नोंद सर्वांसच लागते, आणि तिन्ही असणे हिताचे आहे.

(इ) स्पॅमच्या तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्के होऊ देऊ नये व शक्यतो ०.१ टक्क्याच्या आत राखावे, असे गूगलचे सांगणे आहे. सरळ हिशेबाने १००० पत्रांमागे ३ तक्रारी ही मर्यादा झाली. लहान यादीत दोन-चार रागावलेले वाचकही ती ओलांडावयास पुरेसे होतात, हे ध्यानात ठेवावे.

(ई) एकाच पत्रात सर्वांचे पत्ते उघड दिसतील अशा रीतीने पत्र कधीही पाठवू नये. घाईत ही चूक वारंवार होते. किराणा दुकानात ती केवळ गैरसोय ठरेल, परंतु आपल्याकडे तिच्यामुळे एका रुग्णास दुसरा रुग्ण कोण, हे कळते. सामूहिक पत्रसेवा वापरल्यास प्रत्येकास स्वतंत्र पत्र जाते.

(उ) "पत्रे नकोत" म्हणणाऱ्यांची स्वतंत्र नोंद ठेवावी. नुसते नाव खोडल्यास पुढच्या वर्षी जुनी वही उतरवून घेताना तेच नाव पुन्हा यादीत येते. तसेच पत्रांच्या यादीतून नाव कमी करणे आणि केसपेपर नष्ट करणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. चिकित्सेच्या नोंदींना त्यांचे स्वतःचे नियम आहेत. दोन्ही दप्तरे मुळातच वेगळी असावीत.

प्रधानकर्म : पहिले पत्र

पहिल्या पत्राचा हेतू एकच असावा : पुढे पत्रे पाठवावीत की नाही, हे विचारणे. त्यात किंमत, सवलत, नवे औषध यांपैकी काहीही नसावे. विक्रीचा एक शब्द आला तरी विचारणा हे निमित्त होते आणि वाचकास ते तत्काळ कळते.

पत्राच्या विषयओळीत औषधालयाचे नाव असावे, व्याधीचे नाव कदापि नसावे. आपल्याकडे कित्येक घरांत एकच ई-मेल पत्ता सर्व कुटुंब वापरते. ज्येष्ठांची पत्रे मुलगा किंवा सून उघडते, आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावर विषयओळ कोणासही दिसते. "आपल्या अर्शाच्या त्रासाबद्दल" असा विषय लिहिणे म्हणजे वैद्याने रुग्णाची गुप्तता स्वतःच मोडणे होय.

आम्ही वापरलेला नमुना पुढे देत आहोत. स्थानपरत्वे त्यात फेरफार करावा.

विषय : (औषधालयाचे नाव) – आपणांस पुढे पत्रे पाठवावीत का?

सप्रेम नमस्कार,

(गाव) येथील (औषधालयाचे नाव) या औषधालयाकडून हे पत्र लिहीत आहोत. (वर्ष) साली आपण आमच्याकडून औषधे मागविली होती, तेव्हा आपला हा पत्ता आमच्या नोंदीत आला. त्यानंतर दीर्घकाळ आम्ही आपणांस काहीही कळविले नाही. हा दोष आमचा आहे.

यापुढे ऋतुबदलाच्या सुमारास, वर्षातून सहा वेळा, आहारविहाराविषयी एक लहान पत्र पाठविण्याचे योजिले आहे. ते आपणांस हवे असल्यास या पत्रास "हो" एवढेच उत्तर द्यावे. नको असल्यास "नको" असे कळवावे किंवा खालील कळ दाबावी. आपले नाव तत्काळ कमी करू. उत्तर न आल्यास आपली इच्छा नाही असे समजून आम्ही थांबू.

हे पत्र ज्यांच्यासाठी आहे ते आता या पत्त्यावर नसतील, तर तसदीबद्दल क्षमा असावी. तसे कळविल्यास हा पत्ता आमच्या नोंदीतून काढून टाकू.

आपले,
(वैद्यांचे नाव, पूर्ण टपाली पत्ता, दूरध्वनी)

शेवटून दुसरा परिच्छेद आम्ही त्या कन्येच्या पत्रानंतर घातला. त्यात मृत्यूचा उल्लेख नाही, परंतु ज्यांच्यावर असा प्रसंग ओढवला असेल त्यांना उत्तर देणे सोपे जावे, एवढाच हेतू आहे. व्यक्तीचे नाव आपोआप घालण्याची सोय असूनही पहिल्या पत्रात ती वापरू नये, असेही आम्ही ठरविले. पत्ता परहस्तगत असल्यास नाव उघड होते, आणि निधन झाले असल्यास आप्तांना ते बोचते.

आलेल्या प्रत्येक उत्तरास वैद्याने किंवा औषधालयाच्या चालकाने स्वतः दोन ओळी लिहाव्यात. चरकाचार्यांनी रुग्णाच्या चार गुणांत ज्ञापकत्व, म्हणजे आपली अवस्था सांगण्याचे सामर्थ्य, गणले आहे. तीन वर्षांनी कोणी आपण होऊन आपले वर्तमान कळवीत असेल, तर ते वाचून घेणारे कोणी तरी असलेच पाहिजे. "या पत्त्यावर उत्तर देऊ नये" अशी तळटीप असलेल्या खात्यातून हे पत्र पाठविणे म्हणजे नाडी न पाहता प्रकृती विचारणे होय.

पश्चात्कर्म : संसर्जनक्रम

शोधनानंतर पेया, विलेपी, यूष, मांसरस या क्रमाने अग्नी वाढवीत नेतात. यादीचे पुनरुज्जीवनही याच क्रमाने करावे.

पहिल्या आठवड्यात केवळ सुखसाध्य वर्गास, आणि तेही दिवसाला चाळीस-पन्नास या बेताने, पत्रे पाठवावीत. ओळखीच्या लोकांची उत्तरे येऊ लागली की, आपली पत्रे वाचकांना हवी आहेत, असा बोध पत्रसेवा चालविणाऱ्या यंत्रणेस होतो आणि पुढील पत्रांची वाट सुकर होते. दुसऱ्या व तिसऱ्या आठवड्यात कृच्छ्रसाध्य वर्ग घ्यावा. याप्य वर्ग सर्वांत शेवटी व लहान तुकड्यांनी घ्यावा.

प्रत्येक तुकडीनंतर परत आलेली पत्रे तपासावीत. परतीच्या सूचनेत ५५० हा अंक व "असा वापरकर्ता नाही" या अर्थाचा मजकूर असल्यास तो पत्ता त्याच दिवशी काढावा. ४ या अंकाने सुरू होणारी सूचना तात्पुरत्या अडचणीची असते. उदाहरणार्थ, पेटी भरलेली असणे. तेथे काही दिवसांनी पुन्हा एकदा प्रयत्न करण्यास हरकत नाही. एखाद्या तुकडीत परत येणारी पत्रे किंवा तक्रारी एकदम वाढल्यास तेथेच थांबावे, आधीच्या तुकडीचा निचरा पाहावा व मगच पुढे जावे. अजीर्णावर पुन्हा आहार देऊ नये, हे येथे अक्षरशः लागू पडते.

पहिल्या दोन वर्गांतील ज्यांचे उत्तर आले नाही, त्यांना तीन आठवड्यांनी एक स्मरणपत्र पाठवावे. त्यानंतरही मौन असल्यास नाव पत्रांच्या यादीतून कमी करावे. अपवाद फक्त नियमित औषध घेणाऱ्यांचा. त्यांच्याशी औषधासंबंधीचा आवश्यक पत्रव्यवहार चालूच राहील, ऋतुपत्र मात्र त्यांनाही विचारल्याखेरीज पाठवू नये.

पत्र किती जणांनी उघडले, हा आकडा पत्रसेवा देते. त्यावर फार विसंबू नये. ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये आपल्या मेल या साधनात गोपनीयतेची जी सोय आणली, तिच्यामुळे न वाचलेले पत्रही उघडले गेल्यासारखे दिसू शकते. उत्तरे, दूरध्वनी व प्रत्यक्ष भेटी हीच खरी गणना समजावी.

या सर्व क्रियेअंती यादी पुष्कळ लहान होते. याचे वाईट वाटते, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो. परंतु जे नाव केवळ संख्येत भर घालीत होते, ते गेल्याने औषधालयाचे काहीही गेलेले नसते. उलट उरलेल्यांपर्यंत सेवनविधी व पथ्यपत्रे वेळेवर पोहोचू लागतात.

ऋतुपत्रांची योजना

संबंध पुन्हा जुळल्यावर तो टिकविण्यासाठी नियमितता हवी. यासाठी आपणांस नवे काही शोधावयास नको. ऋतुचर्या हेच आपले तयार वेळापत्रक आहे. एका ऋतूचे शेवटचे सात व पुढील ऋतूचे पहिले सात दिवस मिळून ऋतुसंधी होतो. त्या पंधरवड्यात एक पत्र, अशी वर्षाची सहा पत्रे पुरेशी होत.

विषय ठरलेले आहेत. वसंतात कफप्रकोप, लघु आहार, दिवास्वाप वर्ज्य, उद्वर्तन. ग्रीष्मात मधुर, शीत, द्रव आहार व अल्प व्यायाम. वर्षेत अग्निमांद्य, वातप्रकोप, जुने धान्य, उकळलेले पाणी, बस्तीचा काळ. शरदात पित्तप्रकोप, तिक्त-मधुर आहार, विरेचनाचा विचार. हेमंत व शिशिरात प्रदीप्त अग्नी, स्निग्ध आहार व अभ्यंग. एका पत्रात एकच मुद्दा घ्यावा आणि तो दोनशे-अडीचशे शब्दांत संपवावा. औषधाचा उल्लेख असलाच तर शेवटी, एका ओळीत.

दोन गोष्टींचे भान ठेवावे. पहिली, महाराष्ट्रात मोसमी पाऊस जूनमध्ये येतो. पंचांगातील श्रावणाची वाट पाहिल्यास वर्षा ऋतूचे पत्र उशिरा पोहोचते. शोधनार्थ आषाढ-श्रावण हा जो प्रावृट् ऋतू सांगितला आहे, तो येथील अनुभवास अधिक जुळतो. दुसरी, परदेशस्थ मराठी रुग्णांची स्वतंत्र नोंद करावी. मेलबर्नमध्ये राहणाऱ्या रुग्णास जूनमध्ये हिवाळा असतो. देशविचार न करता त्यास वर्षेचे पथ्य पाठविणे हास्यास्पद ठरेल.

पथ्यापथ्य : कायद्याची मर्यादा

ई-मेल खासगी असते, म्हणून त्यात काहीही लिहिता येते, हा समज चुकीचा आहे. औषधे आणि जादूटोणादी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ यात जाहिरातीच्या व्याख्येत परिपत्रकाचाही समावेश आहे. त्याच्या अनुसूचीत मधुमेह, कर्करोग, स्थौल्य, उच्च व नीच रक्तदाब, हृद्रोग, आमवातादी संधिविकार, अपस्मार, मोतीबिंदू अशा व्याधींची नावे आहेत. अमुक औषधाने हे व्याधी बरे होतात, असे सूचित करणारा मजकूर पत्रात येता कामा नये. ज्यांच्या वेष्टनावर "वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे" अशी सूचना छापावी लागते, अशा वत्सनाभ, कुचला, भल्लातक, हरताळ इत्यादी द्रव्ययुक्त कल्पांचा प्रचार पत्राने करणे तर वैद्यकदृष्ट्याही अयोग्य आहे. नोंदणीकृत वैद्यांस व्यावसायिक आचारसंहितेची बंधनेही आहेत.

रुग्णांच्या माहितीसंबंधी डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ हा कायदा झाला असून त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांतील बहुतांश तरतुदी अधिसूचनेपासून १८ महिन्यांनी अमलात यावयाच्या आहेत. संमती मुक्त, विशिष्ट व माहितीपूर्वक दिलेली असावी. ती मागे घेणे हे देण्याइतकेच सोपे असावे. आणि कायदा लागू होण्यापूर्वी घेतलेल्या संमतीबाबतही संबंधितांस यथाशक्य लवकर सूचना द्यावी, हे त्याचे सार आहे. वर दिलेले पहिले पत्र या दिशेने टाकलेले पाऊल आहे. पूर्ण सूचनेसाठी मात्र कायद्याच्या जाणकाराचा सल्ला घ्यावा. यादीत युरोप-अमेरिकेतील पत्ते असतील, तर तेथील नियमही पाळावे लागतात. अमेरिकेच्या २००३ च्या कायद्यानुसार व्यापारी पत्रात पाठविणाऱ्याचा टपाली पत्ता असणे आणि नाव कमी करण्याची विनंती दहा कामकाजाच्या दिवसांत पाळणे बंधनकारक आहे.

उपसंहार

सारांश असा की, प्रथम वर्ग करावेत. प्रत्याख्येय वर्ग निःसंकोच सोडावा. पत्त्याची व यंत्रणेची शुद्धी करावी. पहिल्या पत्रात केवळ विचारावे. लहान तुकड्यांनी पुढे जावे. मौनाचा अर्थ नकार असा घ्यावा. आणि जे उरतील त्यांना वर्षातून सहा वेळा उपयोगी पडेल असे काही लिहावे.

चरकसंहितेत वैद्याची चतुर्विध वृत्ती सांगताना मैत्री, आर्तांविषयी कारुण्य व साध्य रुग्णाविषयी प्रीती यांच्या बरोबरीने उपेक्षेचाही निर्देश आहे. परंतु ती उपेक्षा विचारपूर्वक, अवस्था जाणून करावयाची आहे. आपल्या यादीची जी उपेक्षा झाली, ती आळसाने झाली. ज्यांना पत्र नको, त्यांना न लिहिणे ही पहिल्या प्रकारची उपेक्षा होय, आणि ती करावयास शिकणे हे या कामातील अर्धे यश आहे.

त्या कन्येस आम्ही उत्तर पाठविले, ते हाताने लिहून, टपालाने. काही महिन्यांनी ती आपल्या मुलास दाखविण्यासाठी चिकित्सालयात आली. ई-मेल पत्ता लिहून घेण्याच्या रकान्यापाशी काउंटरवरील सहायकाने तिला प्रथमच विचारले, "यावर आम्ही कधीमधी पत्र पाठविले तर चालेल का?" हा प्रश्न आमच्या केसपेपरवर आता छापलेलाच असतो.